मांडवी ते कमाटीबाग : जुन्या बडोद्याची वारसा फेरी

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध मांडवी उभी आहे. चौकोनी मंडप, प्रत्येक बाजूस तीन कमानी, वर पुढच्या काळात चढवलेले मजले आणि घड्याळ असे तिचे रूप आहे. तिच्यापासून चार दिशांना चार सरळ रस्ते निघतात आणि चार दरवाज्यांपाशी पोहोचतात : पूर्वेस पाणीगेट, पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेस गेंडीगेट. सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी मांडवीखाली उभे राहिले की शहराची मूळ आखणी एका नजरेत ध्यानात येते. दिवस वर आला की रिक्षा, हातगाड्या आणि ग्राहकांच्या गर्दीत ती दिसेनाशी होते. म्हणूनच जुन्या बडोद्याची वारसा फेरी सकाळी लवकर निघालेली बरी.

वारसा फेरी म्हणजे जाणत्या मार्गदर्शकाच्या सोबतीने, पायी, ठरलेल्या वाटेने केलेले शहराचे वाचन. पणजीतील मळा भागात किंवा जुन्या गोव्यात अशा फेऱ्यांत सामील झालेल्या गोमंतकीयांना हा प्रकार नवा नाही. बडोद्याची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. गुजराती मुलखातले हे शहर १७३४ पासून १९४९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, मराठी राजघराण्याच्या ताब्यात होते. आज तेथील पाट्या गुजरातीत आहेत. पण पाटीवरचे नाव मोठ्याने वाचले की रावपुरा, बाबाजीपुरा, तांबेकरवाडा, मजुमदारवाडा असे मराठी कानाला ओळखीचे शब्द ऐकू येतात. या नावांमागची माणसे कोण, हे दगडांवर कोठेही सविस्तर लिहिलेले नाही. ते सांगणारा माणूस सोबत असेल तरच शहर बोलते. नसेल तर ते एक गजबजलेले बाजारपेठेचे गाव वाटते.

निघण्यापूर्वी : शहराची पूर्वपीठिका

विश्वामित्री नदीच्या पश्चिम काठावरील अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, ही या परिसरातील प्राचीन वस्ती. तेथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती भारतीय शिल्पकलेच्या इतिहासात 'अकोटा ब्राँझ' म्हणून प्रसिद्ध आहेत. नदीच्या पूर्वेकडील गावाचा उल्लेख इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'वटपद्रक' असा येतो. वडाच्या झाडांवरून पडलेले हे नाव. वटपद्रकाचे वडोदरा, मराठी तोंडी बडोदे आणि इंग्रजांच्या लेखी बरोडा झाले.

तटबंदीचे चौकोनी शहर सोळाव्या शतकाच्या आरंभीचे. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा याच्याशी त्याची उभारणी जोडली जाते. चार दरवाजे आणि मधली मांडवी ही रचना त्या आखणीतून आलेली आहे. अठराव्या शतकात पुणे जिल्ह्यातील दावडीचे गायकवाड घराणे सेनापती दाभाडे यांच्या पदरी राहून गुजरातेत पुढे आले. १७३१ मध्ये डभोईजवळच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या सैन्याशी लढताना त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले, पुढच्याच वर्षी डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला आणि १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांच्या हाती आले. त्यानंतर हे शहर त्यांच्याकडून सुटले नाही. 'सेनाखासखेल समशेरबहादर' हा गायकवाडांचा किताब.

एवढी पूर्वपीठिका मनात असली की फेरीतील एक गोष्ट लगेच उमगते. तट आणि दरवाजे सुलतानी काळातले, वाडे मराठी सरदारांचे, पेढ्या गुजराती सावकारांच्या आणि मोठमोठ्या इमारती ब्रिटिश वास्तुविशारदांनी महाराजांसाठी उभारलेल्या. एकाच रस्त्यावर चार राजवटींची कामे खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

मांडवी : पेढी आणि पुस्तक

मांडवीभोवतीचा भाग हा राज्याच्या पैशाचा आणि ज्ञानाचा मध्यबिंदू होता. २० जुलै १९०८ रोजी महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, ती याच भागात. बँकेची शाखा गावोगावी पाहिलेल्या माणसाला तिचे मूळ या गल्ल्यांमध्ये आहे, हे बहुधा ठाऊक नसते.

जवळच मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून घेतले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यात व खेड्यात लहान ग्रंथालये, जेथे तेही शक्य नाही तेथे पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालये, शिवाय स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग, अशी ती योजना होती. ग्रंथालयाच्या इमारतीतील पुस्तकांच्या मजल्यांवर जाड काचेच्या फरशा आहेत. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा, हा त्यामागचा हेतू. ज्या राज्याने १८९३ मध्ये अमरेली येथे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला, त्याच राज्याची ही पुढची पायरी होती. मुलाला वाचायला शिकवायचे आणि मग त्याच्या गावात पुस्तक पोहोचवायचे.

गोमंतकीय वाचकासाठी येथे थांबण्याचे आणखी एक कारण आहे. साष्टीच्या वेशीवरील साखवाळचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरले आणि पाली विद्येत पारंगत होऊन परतले. त्यांनी महाराष्ट्रात राहून लेखन करावे यासाठी सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले. कलकत्त्यातील अध्यापनाची अधिक वेतनाची जागा सोडून कोसंबींनी ते स्वीकारले. मराठीत बौद्ध धर्माविषयी आधारभूत लेखन उभे राहिले, त्याच्या पायाशी या दरबाराची ही लहानशी रक्कमही आहे.

याच दरबारात गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये नोकरीस लागले. राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी जमवलेल्या टिपणांतून त्यांचे रियासतींचे लेखन वाढत गेले आणि ते 'रियासतकार' झाले. १९१६ मध्ये 'काव्यमीमांसा' या ग्रंथाने गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. पुढे प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मराठी साहित्य संमेलन या शहरात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा भरले. महाराष्ट्राबाहेरच्या शहराला हा मान चारदा मिळावा, याचे कारण या इतिहासात आहे.

मांडवीच्या परिसरातच विठ्ठल मंदिर आहे. कार्तिकी एकादशीला तेथून विठ्ठलनाथांची मिरवणूक निघते आणि जुन्या शहराच्या रस्त्यांवरून जाते. गुजराती लोक तिला 'वरघोडो' म्हणतात. देव पंढरीचा, शब्द गुजराती आणि दर्शनाला लोटणारी गर्दी दोन्ही भाषांची. बडोद्याचा स्वभाव समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

लहेरीपुरा आणि न्यायमंदिर

मांडवीपासून पश्चिमेकडे सरळ चालत गेले की कापड, भांडी व दागिन्यांच्या दुकानांमधून वाट लहेरीपुरा दरवाज्यापाशी येते. तट आता उरलेला नाही. दरवाजा मात्र रस्त्याच्या मध्यभागी उभा आहे. आत शहर, बाहेर शहर, आणि मधे जुनी वेस.

दरवाज्याबाहेर पडताच न्यायमंदिराची भव्य इमारत समोर येते. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने बायझंटाइन शैलीत रचलेली ही वास्तू १८९६ मध्ये पूर्ण झाली व व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सयाजीरावांच्या अकाली निवर्तलेल्या पत्नी चिमणाबाई पहिल्या यांचे नाव तिला दिलेले असून मधल्या दालनात त्यांचा पुतळा आहे. मूळ योजना बाजाराच्या इमारतीची होती असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तेथे न्यायालये भरली आणि शतकाहून अधिक काळ भरत राहिली.

२०१८ मध्ये न्यायालये शहरातील नव्या संकुलात गेली. त्यानंतर या वास्तूत शहराचे संग्रहालय व्हावे असा विचार पुढे आला. जुन्या इमारतीच्या आयुष्यात असा काळ फार नाजूक असतो. वापर असतो तोपर्यंत गळके छप्पर कोणाला तरी अडचणीचे वाटते आणि दुरुस्ती होते. वापर संपला की गळतीची तक्रार करणाराच उरत नाही. जुन्या शहरातील नजरबाग राजवाडा एके काळी गायकवाडांच्या जडजवाहिरासाठी प्रसिद्ध होता. वापराविना पडून राहिलेली ही वास्तू २०१४ च्या सुमारास पाडली गेली. आज फेरीतील मार्गदर्शकाला त्या जागी केवळ बोट दाखवता येते. न्यायमंदिरापुढे उभे राहून नजरबागेची गोष्ट ऐकली की वारसा जपणे हा छंद नसून वेळेशी चाललेली स्पर्धा आहे, हे पटते.

सूरसागराच्या काठी : स्वरांचे शहर

न्यायमंदिरापासून हाकेच्या अंतरावर सूरसागर तलाव आहे. पूर्वी तो चंदन तलाव म्हणून ओळखला जाई. सुरेश्वर देसाई यांनी त्याचे दगडी बांधकाम केले, त्यावरून त्याला हे नाव पडले. तलावाच्या मध्यभागी शंकराची प्रचंड उभी मूर्ती आहे. ती अलीकडच्या काळातली असल्याने जुन्या छायाचित्रांतील सूरसागर मोकळा व शांत दिसतो.

तलावाकाठी संगीत महाविद्यालयाची इमारत आहे. १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा सुरू केली. घराण्याबाहेर न जाणारी विद्या वर्गात बसून, स्वरलेखनाच्या साहाय्याने, कोणालाही शिकता यावी हा त्या काळी धाडसी विचार होता. मौलाबक्षांचे नातू हजरत इनायत खान यांचा जन्म १८८२ मध्ये याच शहरात झाला. पुढे त्यांनी सूफी विचार पश्चिमेकडे नेला. १९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ दरबारी गायक म्हणून येथे राहिले आणि १९५० मध्ये येथेच निवर्तले. हिराबाई बडोदेकरांच्या आडनावातही हे शहर आहे. ज्या गोमंतकाने हिंदुस्थानी संगीताला इतके कलावंत दिले, तेथील रसिकाला सूरसागराचा हा काठ परका वाटणार नाही.

रावपुरा, दांडिया बाजार आणि सरदारांचे वाडे

तटाबाहेरच्या पश्चिमेकडील पेठा एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आल्या. रावपुरा हे नाव दिवाण रावजी आपाजी यांच्यावरून पडले आणि बाबाजीपुरा त्यांचे बंधू बाबाजी आपाजी यांच्यावरून. १८०२ मध्ये गादीवरच्या तंट्याच्या वेळी रावजी आपाजींनी ईस्ट इंडिया कंपनीची मदत घेतली. त्यातून बडोद्यात कंपनीची तैनाती फौज आली आणि तिच्यासोबत इंग्रज रेसिडेंटही. एका दिवाणाच्या निर्णयाने राज्याचे पुढचे शंभर-सव्वाशे वर्षांचे राजकारण ठरले. त्याचे नाव मात्र रोजच्या पत्त्यात इतके मुरले आहे की ते उच्चारणाऱ्याला माणूस आठवत नाही.

या भागातील तांबेकरवाडा हे फेरीतील सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण राहिलेल्या भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी बांधणीचा बहुमजली वाडा. बाहेरून तो साधा दिसतो. आतील भिंती मात्र चित्रांनी भरलेल्या आहेत : पुराणकथा, कृष्णलीला, महाभारतातील प्रसंग, मराठे-इंग्रज युद्धाची दृश्ये, पगड्या घातलेले सरदार आणि टोपीवाले साहेब. मराठी घराच्या भिंतीवर गुजराती रंगरेषेने युरोपीय माणूस चितारलेला येथे पाहायला मिळतो. वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. चित्रे नाजूक असल्याने हात न लावणे आणि प्रकाशझोत न टाकणे हे तेथील साधे पण महत्त्वाचे पथ्य.

दांडिया बाजाराच्या परिसरात अरविंद घोष यांच्या वास्तव्याची आठवण जपणारे घर आहे. १८९३ ते १९०६ या काळात ते बडोदे संस्थानाच्या सेवेत आणि बडोदे महाविद्यालयात होते. मायदेशी परतल्यावर बंगाली भाषा त्यांना येथे बसून शिकावी लागली. मराठी व गुजरातीही त्यांनी येथेच आत्मसात केली. जानेवारी १९०८ मध्ये ते पुन्हा शहरात आले असता विष्णु भास्कर लेले या मराठी योगसाधकाच्या मार्गदर्शनाखाली सरदार मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस ध्यानाला बसले. त्या अनुभवाचा त्यांच्या पुढील आयुष्यावर निर्णायक परिणाम झाला.

जवळच जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. प्राध्यापक माणिकराव यांच्या नावाने ही तालीम देशभर गाजली. याच शहरातील कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके यांनी शिक्षण घेतले. भारतीय चित्रपटाच्या जनकाला छायाचित्रणाची व छपाईची गोडी लागली ती अशा संस्थेत, जी १८९० मध्ये हस्तव्यवसाय आणि आधुनिक तंत्र एकत्र शिकवण्यासाठी स्थापन झाली होती.

चालून दमलेल्या मंडळींसाठी या भागात सेव-उसळ हा हमखास विसावा. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांदा, तिखट तर्री आणि सोबत पाव. मराठी उसळीने गुजराती शेवेशी केलेला हा संसार शहराची ओळख बनला आहे.

कीर्तिमंदिर : भिंतींवरचे नंदलाल

विश्वामित्रीच्या दिशेने पुढे गेले की कीर्तिमंदिर लागते. गायकवाड घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी आपल्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने, १९३६ मध्ये, ही वास्तू उभारली. तिच्या शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा असलेली पृथ्वी बसवलेली आहे. आतील मध्यवर्ती दालनाच्या भिंतींवर शांतिनिकेतनचे आचार्य नंदलाल बोस यांनी १९३९ पासून काही वर्षे काम करून चार मोठी भित्तिचित्रे काढली : गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध. मराठी राजाच्या स्मारकात बंगाली चित्रकाराने राजस्थानची मीरा आणि बौद्ध कथेतील नर्तकी रंगवली. बडोद्यात पुढे १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू झाली व ती देशातील आधुनिक कलेचे एक प्रमुख केंद्र बनली, तेव्हा या भिंती आधीच तयार होत्या.

विश्वामित्रीचा विषय निघाला की मार्गदर्शक मगरींचाही उल्लेख करतात. शहराच्या मधून वाहणाऱ्या या नदीत मगरींची वस्ती आहे. ऑगस्ट २०२४ च्या महापुरात नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा मगरीही वस्त्यांमध्ये आल्या. जुने शहर उंचवट्यावर व नदीपासून थोडे अंतर राखून का वसले, याचे उत्तर अशा वेळी आपोआप मिळते.

कमाटीबाग : एका संध्याकाळचे पाच तास

फेरीचा शेवट कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, करणे योग्य. १८७९ मध्ये प्रजेसाठी उभारलेले हे विस्तीर्ण उद्यान नदीच्या काठावर आहे. आत बडोदे संग्रहालय व चित्रदालन आहे. त्यातील इजिप्तची ममी आणि देवमाशाचा अवाढव्य सांगाडा मुलांना खिळवून ठेवतात. पण या बागेत थांबण्याचे सर्वांत गंभीर कारण दुसरेच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर संस्थानाची सेवा करण्याचा करार होता. त्यानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. परंतु या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव नोंदवून खोली घेतली. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेल्या पारशी मंडळींनी येऊन त्यांना संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजावले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हा सारा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणात स्वतः लिहून ठेवला. २३ सप्टेंबर १९१७ हा तो दिवस मानला जातो, आणि बागेतील वडाखालची जागा आज 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते. दरवर्षी त्या तारखेला तेथे मोठ्या संख्येने लोक जमतात.

ज्या राजाने कोलंबियाचे दार उघडले, त्याच राजाच्या राजधानीत त्या विद्वानाला एक खोली मिळाली नाही. राजाज्ञेने शाळा काढता येते, शिष्यवृत्ती देता येते. शेजाऱ्याच्या मनातील अस्पृश्यता राजाज्ञेने जात नाही. वारसा फेरीत वटपद्रकाच्या वडांची गोष्ट आरंभी सांगितली जात असेल, तर शेवटी या वडाचीही सांगितली गेली पाहिजे.

गौरवाइतकीच गैरसोयीची पाने

जुन्या शहराच्या फेरीत मार्गदर्शकाची खरी परीक्षा येथेच होते. गायकवाडांच्या सोन्याचांदीच्या तोफा, लक्ष्मीविलास राजवाड्याची भव्यता आणि सयाजीरावांची दूरदृष्टी यांविषयी कोणीही उत्साहाने बोलेल. पण सयाजीराव गादीवर कसे आले, ही गोष्टही त्याच आस्थेने सांगावी लागते. नोव्हेंबर १८७४ मध्ये इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हारराव महाराजांवर आला. चौकशी आयोगातील तीन इंग्रज सदस्यांनी त्यांना दोषी मानले. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघा भारतीयांनी आरोप सिद्ध झाला नसल्याचे मत दिले. तरीही गैरकारभाराचे कारण दाखवून एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि मद्रासला पाठवण्यात आले. त्या आधीच्या वर्षी दादाभाई नौरोजी त्यांचे दिवाण होते. त्यानंतर खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील बारा वर्षांच्या गोपाळरावास २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. तेच सयाजीराव तिसरे. बडोद्याचा सुवर्णकाळ अशा एका वादग्रस्त घटनेतून सुरू झाला. दत्तकविधानाच्या वेळी त्या मुलाने दिलेल्या हजरजबाबी उत्तराची आख्यायिका फेरीत हमखास ऐकायला मिळते. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये हा प्रदेश गुजरात राज्याचा भाग बनला. दरबार गेला तशी मराठी ही कारभाराची भाषा राहिली नाही. मोडी लिपीतील दप्तरे कपाटांत राहिली आणि ती वाचणारे थोडे झाले. घराघरांत मराठी टिकली, तीही गुजराती शब्दांशी सलगी करत. अशा परिस्थितीत पेठांची आणि वाड्यांची नावे हेच त्या काळाचे सर्वांत खुले, सर्वांना उपलब्ध असलेले दप्तर ठरते. एखादा वाडा पडून तेथे व्यापारी संकुल उभे राहिले, चौकाचे नाव बदलले, की त्या दप्तराचे एक पान जाते. कायद्याने संरक्षित वास्तू थोड्या असतात. बाकीच्या माणसांच्या आठवणीवर जगतात.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

गोव्याहून कोकण रेल्वेमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या काही थेट गाड्या वडोदरा स्थानकावर थांबतात. स्थानक सयाजीगंज भागात आहे. तेथून कमाटीबाग जवळ आणि मांडवी रिक्षेने थोड्या अंतरावर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यास सुखाचा. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर ऊन सोसत नाही.

संपूर्ण वाट एका दमात चालण्यापेक्षा तिचे दोन भाग करावेत. पहिल्या सकाळी पाणीगेट, मांडवी, लहेरीपुरा, न्यायमंदिर आणि सूरसागर. दुसऱ्या दिवशी रावपुरा, तांबेकरवाडा, दांडिया बाजार, कीर्तिमंदिर आणि कमाटीबाग. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी वेगळा अर्धा दिवस राखावा. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूची आखणी मेजर चार्ल्स मँट यांनी केली आणि चिझम यांनी ती तडीस नेली. राजा रविवर्मा यांची चित्रे पाहण्यासाठी घाईने जाणे योग्य नाही. तांबेकरवाडा, कीर्तिमंदिर व संग्रहालय यांच्या उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

पायांत सपाट, न घसरणारे जोडे असावेत. वाड्यांत आणि पोळांत लोक राहतात. दारातून आत डोकावण्यापूर्वी विचारावे आणि घरातील माणसांची छायाचित्रे परवानगीवाचून घेऊ नयेत. मार्गदर्शक निवडताना तो कोणत्या भाषेत बोलतो याइतकेच तो पेठेच्या नावामागचा माणूस सांगतो का, हे पाहावे. त्याला विचारण्यासारखे काही साधे प्रश्न आहेत. रावपुऱ्यातील राव कोण? न्यायमंदिरातील पुतळा कोणाचा? नजरबाग कोठे होती? संकल्पभूमीचा संकल्प कशातून जन्मला? या चारही प्रश्नांना जो न टाळता उत्तर देतो, त्याच्या सोबत चालावे.

घरी परतल्यावर एक काम उरते. बडोद्याला नोकरीस गेलेले, तेथे शिकलेले किंवा दरबारच्या पदरी राहिलेले कोणी ना कोणी अनेक मराठी कुटुंबांत सापडते. जुन्या पत्रांत, प्रमाणपत्रांत, लग्नपत्रिकांत त्या काळच्या पेठांचे पत्ते असतात. ते कागद रद्दीत जाण्यापूर्वी वाचून, मोडीत असतील तर वाचून घेऊन, त्यांतील नावे व पत्ते नोंदवून ठेवावेत आणि मूळ कागद जपावेत. पुढच्या वेळी त्याच पेठेत फेरीला गेल्यावर सोबतच्या मार्गदर्शकाला सांगण्यासारखे काहीतरी प्रवाशाजवळही असेल.